व्हीलचेअरवर बसूनच गाडीतून प्रवास: खुर्ची कशी बांधायची, माणसाला कसं?

मोरपंखी

रॅम्प कुठला घ्यावा, लिफ्ट किती किलोची लागते, यावर इथे बरंच लिहून झालंय. पण खुर्ची गाडीत चढल्यावर पुढे काय करायचं, यावर कुणी फारसं बोलत नाही. बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं: खुर्चीचे ब्रेक लावायचे, चाकांना वीट किंवा लाकडी ठोकळा लावायचा आणि घरातल्या कुणीतरी मागून हँडल धरून बसायचं. म्हणून हा वेगळा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे कान धरावा.

आधी आकडे. व्हीलचेअर बांधायच्या पट्ट्यांची जी धडक-चाचणी जगभर मानली जाते ती समोरून, ताशी ४८ किमी वेगाची आणि सुमारे २० जीची (म्हणजे वजनाच्या वीसपट जोराची) असते. तेवढ्या झटक्यात १८ किलोची घडीची खुर्ची ३६० किलोच्या जोराने पुढे जाते, ६० किलोचा माणूस १२०० किलोच्या, आणि बॅटरीसकट १०० किलोची इलेक्ट्रिक खुर्ची दोन टनांच्या. मागून हँडल धरलेला माणूस त्याच क्षणी स्वतःच हजार-बाराशे किलोच्या जोराने पुढे फेकला जात असतो, तो काय धरणार? खुर्चीच्या ब्रेकचंही तसंच. ब्रेकने चाक फिरायचं थांबतं, खुर्ची थांबत नाही. ती घसरते, नाहीतर पुढच्या छोट्या चाकांवर उलटते. त्याला अपघातच व्हावा लागतो असं नाही, करकचून ब्रेक दाबला तरी पुरे.

पहिला नियम: माणसाला गाडीच्या सीटवर घेता येत असेल तर घ्याच. सीट, बेल्ट आणि हेडरेस्ट गाडीबरोबर एकत्र तपासलेले असतात, बाजारातल्या बहुतेक व्हीलचेअर तशा तपासलेल्या नसतात. खुर्ची घडी करून डिकीत ठेवा, आणि तिथेही बांधा. मोकळी खुर्ची मागच्या सीटवरून पुढे येऊ शकते.

मान धरत नाही, अंगात ताठरता आहे, खुर्चीची बैठक मापाने बनवलेली आहे, व्हेंटिलेटर लागतो किंवा वजनामुळे उचलणं शक्य नाही, अशा वेळी खुर्चीतच बसवून न्यावं लागतं. तेव्हा कामं दोन असतात आणि दोन्ही वेगळी: खुर्ची गाडीच्या फ्लोअरला बांधायची, आणि माणसाला गाडीला बांधायचं. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. खुर्ची घट्ट आणि माणूस मोकळा असेल तर माणूस उडतो. माणूस बांधलेला आणि खुर्ची मोकळी असेल तर खुर्चीचं सगळं वजन मागून त्याच्या अंगावर येतं आणि पट्टा पोटात रुततो.

खुर्ची बांधायची पद्धत:

तोंड गाडीच्या तोंडाकडे. आडवी खुर्ची कधीही नाही. आडव्या बसलेल्या माणसाला समोरून धडक बसली की तो झटका त्याच्या मानेला आणि बरगड्यांना बाजूने बसतो, आणि खुर्चीची फ्रेमही त्या दिशेने सगळ्यात कच्ची असते.

पट्टे चार: दोन पुढून, दोन मागून. हूक अडकवायचा तो मुख्य फ्रेमच्या नळ्या जिथे एकमेकींना वेल्ड झाल्या आहेत तिथे, सीटच्या पातळीच्या जरा खाली. मागचे दोन्ही हूक एकाच उंचीवर. चाकाला, स्पोकला, निघणाऱ्या आर्मरेस्टला, फूटरेस्टला, ढकलायच्या हँडलला किंवा सीटखालच्या कात्रीच्या नळ्यांना हूक लावायचा नाही. कात्रीला हूक लावून ताणलं की खुर्ची स्वतःच घडी व्हायला बघते.

क्रम असा: खुर्ची मधोमध घ्या, ब्रेक लावा. इलेक्ट्रिक असेल तर मोटर गिअरमध्ये आहे ना ते बघा (ढकलण्यासाठी सोडलेला लीव्हर परत टाकायला लोक विसरतात) आणि मग पॉवर बंद करा. पुढचे दोन पट्टे लावा, मग मागचे दोन लावून ताणा. पट्ट्याला पीळ नको, एकमेकांवरून फुली नको, चाकाला घासायला नको. शेवटी खुर्ची दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि बाजूला हलवा. दोन इंचांपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा ताणा.

---

काटकोन

पट्ट्यांच्या कोनांची भर. जमिनीशी मोजायचं: मागच्या पट्ट्यांना ३० ते ४५ अंश, पुढच्यांना ४० ते ६०. वरून बघितलं तर मागचे पट्टे हुकापासून सरळ मागे जायला हवेत. पुढचे थोडे बाहेर फाकलेले चालतात, उलट बरंच, वळणावर खुर्ची डोलत नाही.

कोन का महत्त्वाचा ते बघा. १०० किलोच्या इलेक्ट्रिक खुर्चीचे दोन टन मागच्या दोन पट्ट्यांवर येतात, म्हणजे आडव्या दिशेने एकेकावर १००० किलो. पट्टा ३० अंशांत असेल तर त्यात ताण पडतो सुमारे ११५०, ४५ अंशांत १४००, आणि ६० अंशांत थेट २०००. पट्टा जितका उभा तितका ताण जास्त, आणि बोल्टही तितका जास्त वर उपटला जातो. जागा वाचवायला मागचे अँकर (पट्टा फ्लोअरला बोल्टने बसवायच्या जागा) खुर्चीच्या पोटाखाली घेतात, तिथे नेमकं हेच होतं.

गॅरेजवाल्याला अंश सांगून उपयोग नाही, सेंटिमीटर सांगा. मागचा हूक जमिनीपासून ४५ सेंमी उंच असेल तर त्याचा अँकर हुकाच्या मागे ४५ ते ७८ सेंमी हवा. पुढचा हूक ३० सेंमी उंच असेल तर अँकर त्याच्या पुढे १७ ते ३६ सेंमी. हुकाहुकातलं अंतर धरून पुढच्या आणि मागच्या अँकरमध्ये सव्वा ते दीड मीटर लागतो. गाडी घेण्याआधीच टेप लावा.

---

भोसरीचा_फिटर

काटकोनसाहेबांचं गणित बरोबर आहे, पण पट्टा तुटायच्या आधी फ्लोअर फाटतो. हे कुणी बघत नाही, कारण ते गाडीखाली असतं.

व्हॅनचा फ्लोअर म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा. त्याला भोक पाडून, नुसता वॉशर टाकून नट आवळला तर जोराच्या झटक्यात बोल्ट वॉशरसकट पत्र्यातून वर येतो. खालून जाड प्लेट हवीच. निदान ३ मिमीची, तळहातापेक्षा मोठी, कोपरे गोल केलेली. धारदार कोपरा पत्रा कापतो. जमेल तिथे अँकर चॅसीच्या आडव्या मेंबरवर आणा. बोल्ट ८.८ ग्रेडचा किंवा सीटबेल्टला असतो तो सात-सोळांश इंचाचा, डोक्यावर ग्रेडचा शिक्का बघून घ्या. नट नायलॉकच (आत नायलॉनची रिंग असलेला), साधा नट रस्त्याच्या थरथरीने सुटतो. चॅसीवर हूक वेल्ड करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. वेल्डच्या कडेला धातू ठिसूळ होतो आणि पासिंगलाही अडतं.

ट्रॅव्हलर, विंगरसारख्या गाडीत फ्लोअरवर प्लाय टाकलेला असतो. बोल्ट प्लायवर आवळला तर प्लाय दबत जातो आणि महिन्याभरात बोल्ट ढिला. प्लायच्या जाडीएवढी लोखंडी बुशी (नळीचा तुकडा) आत घाला, म्हणजे बोल्ट धातूवर बसतो.

ड्रिल मारायच्या आधी गाडी वर घेऊन खालून बघा: पेट्रोलची टाकी, ब्रेकची लाईन, वायरिंग, सीएनजी असेल तर त्याची नळी. भोकाला प्रायमर आणि सीलंट लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत प्लेटभोवती गंज धरतो.

ॲल्युमिनियमच्या रेल टाकल्या तर पट्टे मागेपुढे सरकवता येतात, दोन वेगवेगळ्या खुर्च्या एकाच गाडीत बसतात. पण रेलमध्ये चिखल, माती, बिस्किटाचा चुरा साठतो आणि मग फिटिंगची पिन भोकात पूर्ण बसत नाही. वरून बसल्यासारखी दिसते. प्रत्येक वेळी फिटिंग उपटून बघायचं, उपटलं नाही तरच पट्टा लावायचा. रेल ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. ग्रीस लावू नका, माती आणखी चिकटते.

---

आजोबांचा_नातू

खूप उपयुक्त. दोन शंका. टेम्पोवाले माल बांधायला वापरतात ते रॅचेट पट्टे चालतील का? त्यावर टनांत वजन लिहिलेलं असतं. आणि घडीची साधी स्टीलची खुर्ची असेल तर हे सगळं करून उपयोग आहे का?

---

भोसरीचा_फिटर

दादा, रॅचेटवर लिहिलेलं वजन हे हळूहळू ओढल्यावरचं. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की लोडिंगच्या रॅचेटला भलताच जोर असतो, चार खटके जास्त मारले की घडीच्या खुर्चीची नळी वाकते. वाकलेल्या नळीचं चाक मग कायमचं तिरकं. आणि हूक उघडा असतो. खड्ड्यात खुर्चीचा हवेचा टायर क्षणभर दबतो, पट्टा ढिला पडतो, हूक खाली गळतो. चारांतला एक हूक पडलेला प्रवास संपेपर्यंत कुणाला कळत नाही. व्हीलचेअरच्या पट्ट्याचा रिट्रॅक्टर ढील आपोआप आत ओढून घेतो आणि त्याच्या हुकाला लॉक असतो किंवा त्याचा आकारच न निसटणारा असतो. दोरी, रबरी बंजी यांचं नावच नको.

---

मोरपंखी

दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देते. साधी घडीची खुर्ची धडकेसाठी बनवलेलीच नसते. सीटचं रेक्झिन फ्रेमला छोट्या स्क्रूंनी धरलेलं असतं, ते फाटतं. घडी होणाऱ्या पाठीच्या नळ्यांना मध्ये बिजागरी असते, मागून धडक बसली की ती तिथेच मोडते. म्हणून अशा खुर्चीवाल्यांनी सीटवर बसणं हाच पहिला, दुसरा आणि तिसरा पर्याय. अगदीच इलाज नसेल तर चारही पट्टे लावाच, पण माणसाचा बेल्ट गाडीला अँकर केलेला असला पाहिजे, खुर्चीला नाही. खुर्ची मोडली तरी माणूस धरलेला राहिला पाहिजे.

---

ओटी_वर्षा

ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने लिहिते. माणसाच्या बेल्टमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात.

कमरेचा पट्टा पोटावर नको. तो खाली, दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांवर, मांडी सुरू होते तिथे बसला पाहिजे. बाजूने बघितलं तर पट्टा कमरेपासून खाली-मागे ४५ ते ७५ अंशांत जातो. अडचण येते ती आर्मरेस्टची. आपल्याकडच्या खुर्च्यांना आर्मरेस्टखाली बंद पत्रा किंवा प्लास्टिक असतं, म्हणून पट्टा सरळ आर्मरेस्टवरून नेतात. मग पट्टा आणि अंग यांत वीतभर पोकळी राहते. धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटात शिरतो. पट्टा पाठीची नळी आणि आर्मरेस्ट यांच्यातल्या फटीतून आत घ्या. फट नसेल आणि आर्मरेस्ट निघत असेल तर प्रवासापुरता काढून ठेवा. चाकाच्या बाहेरूनही पट्टा न्यायचा नाही.

खांद्याचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून, छातीच्या मधल्या हाडावरून जाऊन कटीच्या बाजूला कमरेच्या पट्ट्याला मिळतो. बकल पोटाच्या मधोमध येत असेल तर पट्टा चुकीचा लागलाय. खांद्याचा वरचा अँकर खांद्यापेक्षा उंच आणि मागे हवा. तो खाली असेल तर धडकेत पट्टा खांदा खाली दाबतो आणि तो भार मणक्यावर येतो.

बसवताना ढुंगण पूर्ण मागे टेकलेलं हवं. घसरून बसलेल्या माणसाला कुठलाच बेल्ट नीट बसत नाही. शाल, जाड स्वेटर, पांघरूण बेल्टच्या वरून घाला, आतून नाही. साडी असेल तर निऱ्यांच्या गाठोड्यावरून बेल्ट हमखास वर सरकतो, तो निऱ्यांच्या खाली घेऊन मग ताणा. लघवीच्या पिशवीची नळी, पोटातली फीडिंग ट्यूब बेल्टखाली दबत नाही ना, ते बोट फिरवून बघा.

खुर्चीचा स्वतःचा वेल्क्रोचा पट्टा, छातीची एच-हार्नेस हे फक्त बसायला आधार म्हणून. राहू द्या, पण त्यांना सेफ्टी बेल्ट समजू नका. वेल्क्रो पहिल्याच झटक्यात सुटतो. आणि छातीपट्टा घट्ट, कमर मोकळी असं तर कधीच नको: माणूस खाली घसरला की तोच पट्टा गळ्याशी येतो.

पाठ उभी ठेवा, उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त मागे नको. जेवणाचा ट्रे काढून वेगळा बांधून ठेवा. ऑक्सिजन सिलिंडर, सक्शन मशीन, पाण्याची बाटली यांतलं काहीही हँडलला लटकवलेलं नको.

---

जर्सीकर

इथे अमेरिकेत खुर्ची घेताना एक प्रश्न विचारायची सवय आहे, तो तिकडेही विचारावा: खुर्ची गाडीत सीट म्हणून वापरण्यासाठी तपासलेली आहे का? अमेरिकेत त्यासाठी डब्ल्यूसी-१९ हे मानक २००० सालापासून आहे. आंतरराष्ट्रीय मानक खुर्चीसाठी आयएसओ ७१७६-१९ आणि पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२. तपासलेल्या खुर्चीच्या फ्रेमवर हूक लावायच्या चार जागा ठरलेल्या असतात आणि तिथे हुकाचं छोटं चित्र असतं. ते असलं की कुठली नळी, कुठला जॉइंट हा वादच मिटतो. नसेल तर खुर्चीचं मॅन्युअल वाचा. गाडीत बसून प्रवास करू नये, असं बऱ्याचदा त्यात स्पष्ट छापलेलं असतं, आणि विक्रेता ते सांगत नाही.

खुर्चीत रोज स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी डॉकिंगची सोय असते. खुर्चीखाली एक ब्रॅकेट आणि फ्लोअरवर खटका, खुर्ची आत घातली की लॉक. चार पट्टे लावायला दुसरं माणूस लागत नाही. पण ब्रॅकेट त्या त्या खुर्चीच्या मॉडेलचाच हवा, आणि त्याने खुर्चीची जमिनीपासूनची उंची कमी होते, मग उंबरा, गतिरोधक आडवे येतात.

तीनचाकी स्कूटर वापरणाऱ्यांनी गाडीत स्कूटरवर बसूच नये. उंच, अरुंद, बांधायला धड जागा नाही. सीटवर बसा, स्कूटर वेगळी बांधा.

---

आजोबांचा_नातू

जर्सीकर, युरोपातल्या शहर बसमध्ये व्हीलचेअर उलटी, म्हणजे ड्रायव्हरकडे पाठ करून, एका पाठीला टेकवून ठेवलेली दिसते. पट्टेही नसतात. मग ते कसं चालतं?

---

जर्सीकर

ते फक्त मोठ्या शहर बससाठी. बस जड, वेग कमी, त्यामुळे आतल्या प्रवाशाला बसणारा झटका लहान असतो. खुर्ची उलटी ठेवून मागच्या पॅडला टेकवली की ब्रेकचा जोर त्या पॅडवर जातो. तीच युक्ती छोट्या व्हॅनमध्ये करायची नाही, व्हॅनला बसणारा झटका कितीतरी मोठा असतो.

---

काटकोन

बसचा विषय निघालाच आहे तर: केंद्रीय मोटार वाहन नियमांत २७ डिसेंबर २०१९च्या अधिसूचनेने बदल झाला, १ मार्च २०२० पासून लागू. बसमध्ये अपंग प्रवाशांसाठी राखीव आसनं, कुबड्या-वॉकर ठेवायची सोय, धरायचे दांडे, आणि व्हीलचेअर आत घेण्याची, ठेवण्याची आणि लॉक करण्याची व्यवस्था अपेक्षित आहे. बसमध्ये व्हीलचेअरच्या जागेला नुसता एकच कमरेचा पट्टा भिंतीला लटकत असेल तर त्याने खुर्ची बांधली जात नाही. तो माणसाला लावा, खुर्चीचे ब्रेक लावा, आणि खुर्ची पॅडला टेकवता येत असेल तर टेकवा.

स्वतःच्या गाडीचं: सीट काढली की आरसी बुकातली आसनसंख्या बदलते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी घेऊन नोंद करून घ्या. २०१९च्या दुरुस्तीत अपंग व्यक्तीसाठी बदल केलेल्या वाहनाची वेगळी व्याख्या आलेली आहे, अर्जात तिचा उल्लेख करा. आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी न कळवलेला बदल हे त्यांना आयतं कारण.

---

ओटी_वर्षा

एक राहिलं, मोकळी जागा. पट्टे कितीही चांगले असले तरी धडकेत डोकं पुढे झेपावतंच. खांद्याचा पट्टा असेल तर डोक्यासमोर ६५ सेंमी मोकळी जागा हवी, नुसता कमरेचा असेल तर ९५ सेंमी. डोक्यामागे ४० सेंमी. छोट्या व्हॅनमध्ये समोर पुढच्या सीटची पाठ येते. तिथे जागा काढता येत नसेल तर निदान कडक कडा, हुक, मोबाईल स्टँड तिथून काढा आणि सीटच्या पाठीला जाड फोम लावा. खांद्याचा पट्टा न बसवता काम चालवू नका, ६५ आणि ९५ मधला फरकच सांगतो का ते.

लहान मुलांचं शक्यतो चाइल्ड सीटवरच, खुर्चीत नाही.

---

मोरपंखी

पट्ट्यांची निगा कुणी लिहिलीच नाही. कडेला धागे सुटलेले, चिरलेला, उन्हाने कडक झालेला किंवा बॅटरीचं ॲसिड सांडलेला पट्टा बाद करायचा. सौम्य साबण आणि पाण्याने पुसायचा, रिट्रॅक्टरमध्ये तेल घालायचं नाही. अपघातात ताण बसलेला पट्टा वरून धड दिसला तरी बदलायचा, खुर्चीही दाखवून घ्यायची.

---

आजोबांचा_नातू

शेवटची शंका. मागच्या दाराने रॅम्प आहे. उतरवताना आधी कुठला पट्टा सोडायचा?

---

भोसरीचा_फिटर

गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा. माणसाचा बेल्ट काढा (तोल जात असेल तर खुर्चीचा छातीपट्टा तेवढा राहू द्या). मग मागचे दोन पट्टे काढा. खुर्चीला मागच्या दाराकडे जाण्यापासून अडवतात ते पुढचे दोन पट्टे, म्हणून ते सगळ्यात शेवटी. एकाने मागून हँडल घट्ट धरल्यावर दुसऱ्याने सोडायचे. एकटे असाल तर आधी खुर्चीचे ब्रेक हाताने ओढून तपासा. खाली उतरवताना तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे, आणि धरणारा खालच्या बाजूला.